पश्चिमेला कोणी नसेल

४ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

मनगटाची चौकशी तू इतक्यांदा केलीस की आता तेच लाजायला लागलंय. प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. बादली उचलता येते, व्हॉल्व्ह फिरवता येतो, आणि कुणाच्या कानाखाली वाजवायची वेळ आलीच तर तेही जमेल.

फोन का करत नाहीस म्हणून विचारतेस. फोनला कान असतात म्हणून. हसू नकोस. पत्र मी लिहितो, मी पेटीत टाकतो आणि तू फोडतेस. मध्ये फक्त आमचा पोस्टमन, आणि तो चष्मा विसरला की पाकिटावरचा पत्ताही शेजाऱ्याकडून वाचून घेतो.

मागच्या पत्रात कळवलं होतं तसे आम्ही ३१ तारखेला पश्चिमेच्या ओढ्यावर गेलो. आम्ही म्हणजे अख्खी जंगल-पाणी बचाव समिती: भूगोलाच्या बाई, औषधवाला, करवत्या आणि मी. नाव एवढं लांब आणि माणसं चार. लाकूड कंपनीला तोडीची परवानगी आहे ती हद्दीच्या दगडांखालच्या, लावलेल्या झाडांची. दगडांच्या वर जुनं रान, जे कुणी लावलेलं नाही आणि ज्याच्या मुळांतून आपल्या गावाचं पाणी येतं. तिथं करवत चालवताना त्यांचा एक फोटो मिळाला की आयुक्तांना परवानगी रद्द करावीच लागेल. एक फोटो, बस्स.

तर तिथं कंपनीची सहा माणसं सावलीत चहा पीत बसलेली. करवती पिशव्यांत बांधलेल्या. एक जण म्हणतो कसा, "या काका, तुमचीच वाट बघत होतो. घोटभर घेणार?" आणि आमच्या औषधवाल्यानं घेतला की गं!

संध्याकाळी फिल्टरघरात आलो. माझी एकतीस वर्षांची सवय तुला माहीत आहे. दोन ओढ्यांचे दोन नळ, दर दोन तासांनी दोन्हींची एकेक बाटली भरून खिडकीत ठेवायची आणि गाळ बसू द्यायचा. पूर्वेची माती काळी, पश्चिमेची तांबडी, त्यामुळे घाण कुठून आली ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पूर्वेच्या बाटलीत दोन बोटं काळा गाळ! दोन महिने आभाळात ढग नाही. ओढ्यातून ओंडके ओढल्याशिवाय असं पाणी येत नाही. आम्ही पश्चिमेला चहा बघत बसलो होतो तेव्हा यांनी पूर्वेला हात साफ केला.

दुसऱ्या दिवशी वर जाऊन बघितलं. चार बुंधे. सगळ्यांत मोठ्यावर आम्ही चौघं पाठीला पाठ लावून बसलो तरी जागा उरली. बाई रडल्या. मी संतापानं टोपी बुंध्यावर आपटली. बुंध्यांचे फोटो काढले, पण कंपनी म्हणते चोरट्यांनी तोडली, आम्हाला काय माहीत.

चिमणे, आमच्यात कुणीतरी घरभेदी आहे. बाईंचा दीर कंपनीचा ट्रक चालवतो. औषधवाल्याचं तुला सांगितलंच. आणि करवत्यानं तर वीस वर्षं त्याच कंपनीत झाडं पाडली आहेत. पश्चात्ताप झाला म्हणून आमच्यात आला, असं तो म्हणतो.

आता १२ तारखेला सकाळी आठला पूर्वेच्या ओढ्यावर जाणार. हे आम्हा चौघांना ठाऊक, आणि आता तुला. कुणाजवळ बोलू नकोस.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला नमस्कार आणि तुझ्या मनगटाला वेगळा नमस्कार.

तू लहानपणी पाटीवरची पेन्सिल मोडली तर आधी माझे खिसे तपासायचास. पेन्सिल तुझ्याच कानावर असायची. तेव्हा घरभेदी वगैरे म्हणण्याआधी जरा दमानं घे. त्या बाई शाळा सांभाळून तुमच्याबरोबर डोंगर चढतात, त्यांच्या दिरानं ट्रक चालवला तर त्यांनी काय करायचं?

मला भीती वेगळीच आहे. अठ्ठावीस वर्षं या हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर करतेय मी. सगळ्या डोंगरांतली लाकूडतोडीची मोडतोड आमच्याकडेच येते. परवा एकाला आणलं, मांडीचं हाड तीन ठिकाणी. पंचविशीचा असेल. झाड माणूस बघून पडत नाही रे. डिसेंबरात तू "घसरलो" म्हणालास. मी हाडं बघते दादा, घसरलेलं मनगट कसं मोडतं आणि ढकललेलं कसं, ते मला कळतं. करवत्याभाऊंनी तुला पाठीवर घालून खाली आणलं नसतं तर?

म्हणून मला सगळं नीट कळवत जा. नुसतं पूर्व-पश्चिम नाही. कुठं बसणार, किती वाजेपर्यंत, कोण कोण. मला इथं तेवढाच धीर.

आणि लाकडाच्या धंद्यातली सगळीच माणसं राक्षस नसतात. आमच्याकडे एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यांचा मुलगा त्याच धंद्यातला, कचेरीत बसणारा. सकाळ-संध्याकाळ स्वतः आईचे पाय चेपतो, नर्सला हात लावू देत नाही. मी आपलं सांगते.

१२ तारखेला पायात जाड बूट घाल.

तुझी,
चिमणी

१५ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

सापडला!

१२ तारखेला आम्ही पूर्वेला. आम्ही म्हणजे तिघंच, कारण आदल्या दिवशी करवत्यानं निरोप पाठवला की गुडघा धरलाय, येता येणार नाही. पूर्वेला शुकशुकाट. यावेळी चहावालेसुद्धा नाहीत. आणि संध्याकाळी पश्चिमेच्या बाटलीत गाळ. तांबडा. तीन बोटं. गावात लोक नळाखाली भांडं धरून मलाच शिव्या घालत होते, कारण पाणी गढूळ आलं की शिवी पाणीवाल्याला, हा जगाचा नियम आहे.

१३ तारखेला समितीची बैठक, शाळेतल्या नकाशांच्या खोलीत. करवत्या आला. न लंगडता आला. मी त्याच्या बुटांकडे बघितलं. टाचेपर्यंत तांबडी माती, वाळलेली. गावात तांबडी माती कुठंच नाही, ती फक्त पश्चिमेच्या ओढ्याला. गुडघा धरलेला माणूस पश्चिमेला गेलाच कसा? आणि त्याच दिवशी?

मी उभा राहिलो. सगळ्यांसमोर विचारलं, "काल कुठं होतास?" तो म्हणाला, "घरी." मी म्हटलं, "बुटांना विचारू का?" त्यानं पाय बाकाखाली ओढले. मी म्हटलं, वीस वर्षं ज्यांचं काम केलंस त्यांचं अजून करतोयस, एवढंच ना? बाई म्हणाल्या, "अहो, हळू." मी हळू झालो नाही. कंपनीचा कुत्रा, असंही म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलं.

त्यानं माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मलाच खाली बघावंसं वाटलं. मग उठला, टोपी घातली आणि गेला. एक शब्द नाही. निर्दोष माणूस असा जातो का? निर्दोष माणूस भांडतो, टेबल आपटतो.

चाळीस वर्षांची दोस्ती आहे आमची. मला वाईट वाटत नाहीये. खरंच नाही. परवापासून जेवण जात नाही ते पित्तामुळे.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

दादा,

हे काय करून बसलास?

तुझं पत्र मी प्लास्टर रूममध्येच वाचलं आणि हातातली पट्टी वाळून दगड झाली. ज्या माणसानं तुला दोन तास पाठीवर वागवलं त्याला चार लोकांत कुत्रा म्हणालास? आणि कशावरून, तर बुटांवरून? उद्या माझ्या चपलांना शाई लागली तर मला दरोडेखोर म्हणशील.

ते करवत्याभाऊ नाहीत. मी सांगते ना, नाहीत. मला ठाऊक आहे. तू आजच्या आज त्यांच्या घरी जा, पाय धरायला लागले तर धर. हे मी रागानं लिहीत नाही, हात जोडून लिहितेय.

त्यांच्याशिवाय वर जाऊ नकोस. आणि जाणारच असशील, तू ऐकणाऱ्यातला कुठं आहेस, तर कधी आणि कुठं तेवढं आधी कळव. नक्की कळव.

चिमणी

२३ फेब्रुवारी

माझ्या लाडक्या चिमणीस,

तुझं म्हणणं पटलं. तू नेहमीच माझ्यापेक्षा शहाणी होतीस. आई म्हणायची की अक्कल वाटताना मोठा रांगेत झोपला होता. करवत्याकडे मी जाईन, जरा राग निवू दे.

तू एवढी काळजी करतेस म्हणून सगळं सविस्तर लिहितो. २ मार्चला आम्ही सगळे पूर्वेच्या ओढ्यावर जाणार, मोठ्या धबधब्याच्या खालच्या सपाटीवर. सकाळी सात ते संध्याकाळी पाच. गावातली आणखी दहा-बारा माणसं येणार आहेत. पश्चिमेला त्या दिवशी कोणी नसेल. चिटपाखरू नसेल. म्हणजे पश्चिमेच्या घसरड्या वाटेची तुला काळजी नको.

हे बाईंनाही अजून सांगितलेलं नाही. तुलाच पहिलं सांगतोय. तुझ्याइतकं जवळचं मला आहे तरी कोण?

अनेक आशीर्वाद.

तुझा,
दादा

२६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

किती बरं वाटलं तुझं पत्र वाचून! एवढं गोड तू शेवटचं कधी लिहिलंस ते आठवेना. माझ्या लग्नातही तू फक्त "गाडी वेळेवर आहे" एवढंच म्हणाला होतास.

बारा-पंधरा माणसं असतील तर चांगलं. पूर्वेची ती सपाटी मला आठवते, तिथं माथ्यावर मोठं झाडही नाही. आता मी निर्धास्त आहे. बघ तू, २ तारखेला कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही.

आजी काल वॉकर घेऊन आठ पावलं चालल्या. दवाखान्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुझी,
चिमणी

२ मार्च

चिमणे,

आज पूर्वेला कोणीही गेलं नाही. कुणी जाणारच नव्हतं.

मी तीन जणांना तीन गोष्टी सांगितल्या. बाईंना सांगितलं की २ तारखेला आपण कुठंच जायचं नाही. औषधवाल्याला सांगितलं की दोन्ही ओढ्यांवर पहारा बसवलाय. पश्चिम मोकळी आहे हे जगात एकाच माणसाला लिहिलं. तुला. करवत्याशी तर मी बोलतच नाही.

तू लिहिलंस ना, "ते नाहीत, मला ठाऊक आहे"? हे एक वाक्य चार दिवस माझ्या डोक्यात किड्यासारखं वळवळत होतं. कसं ठाऊक? मग तुझी जुनी पत्रं काढली. प्रत्येकात कुठं, कधी, कोण. मी त्याला माया समजत होतो.

तरीही माझा विश्वास बसत नव्हता, हे देवाशपथ सांगतो. इतका नव्हता की सापळा लावला आणि सापळ्यापाशी एकही माणूस ठेवला नाही. ना कॅमेरा, ना पहारेकरी. दिवसभर पाणी नितळ येईल, रात्री मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेईन आणि तुला काही न सांगता विषय मिटवीन, असं ठरवून फिल्टरघरात खुर्ची टाकून बसलो होतो. समितीचा एवढा मोठा म्होरक्या, आणि पुरावा हातात येण्याच्या दिवशी तो पाणी स्वच्छ यावं म्हणून प्रार्थना करत बसला होता.

दुपारी दीड वाजता पश्चिमेचा नळ तांबडा झाला. साडेतीनला पाण्यात लाकडाचा भुसा यायला लागला. मी दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले आणि गावाचं पाणी तोडलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

का केलंस ते मला कळवू नकोस. मला उत्तर नको.

— दादा

३ मार्च

दादा,

हे पत्र तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. तुझं पत्र आज-उद्या येईल, कदाचित तू खुशालीच लिहिली असशील. ती वाचायची माझी लायकी नाही, हे आधी वाच.

काल संध्याकाळी कंपनीचा ट्रक आला. मागच्या रस्त्यानं थेट शहरात, तुमच्या गावात न शिरता. फळीवर एक माणूस. बरोबरचे म्हणाले, "कंपनीचा मजूर आहे, ट्रकवरून पडला, तसं लिहा." मी ब्लँकेट बाजूला केलं. दादा, ते करवत्याभाऊ होते.

ट्रकवरून पडल्यावर पाय असा होत नाही. नडगीवर ओंडका बसलाय. मांसात झाडाची साल रुतलेली, ती मी चिमट्यानं काढली. ते शुद्धीवर होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू पाणीवाल्याची चिमणी ना? मोठी झालीस." अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला.

कारण लिहायच्या रकान्यात मी ट्रक लिहिलं नाही. "झाड अंगावर पडून", असं लिहिलं, वेळ लिहिली, ट्रकचा नंबर लिहिला आणि खाली सही केली. मुख्य डॉक्टर म्हणाले, कशाला भानगडीत पडता? मी म्हटलं, भानगड माझीच आहे.

आता ऐक. आजींचा मुलगा, ज्याच्याबद्दल लिहिलं होतं, तो त्याच कंपनीचा साहेब. तुझं मनगट मोडल्यावर मी एकदा त्याच्याशी भांडले. तो हात जोडून म्हणाला, "ताई, आमच्या माणसांना कळत नाही. तुमचे भाऊ कुठल्या बाजूला आहेत हे आधी कळलं तर मी त्या दिवशी तिकडं करवत चालूच देणार नाही. कुणाला इजा होणार नाही, माझा शब्द." मला वाटलं, तुम्ही बसाल तिथलं काम थांबेल, तुमचंही भलं, तुझा जीवही वाचेल. दुसऱ्या बाजूला काय करतील याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. खरं सांगू? आला होता. तू ४ फेब्रुवारीच्या पत्रात चार बुंधे लिहिलेस तेव्हाच आला होता. मी तो झटकला, कारण झाडं परत उगवतात आणि भाऊ उगवत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

२६ तारखेला मीच त्याला म्हटलं, पश्चिमेला कोणी नसेल. तू तसं लिहिलं होतंस. मग करवत्याभाऊ तिथं काय करत होते?

डॉक्टर पाय वाचवायचा प्रयत्न करताहेत. मला माफ कर असं लिहीत नाही. तू लवकर ये.

चिमणी

८ मार्च

चिमणे,

दोघांची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. मी तुला लिहिलेलं तुला ४ तारखेला मिळालं, तुझं मला त्याच दिवशी. मी बस पकडून आलो, ते तू बघितलंसच. वॉर्डाच्या दारात उभा राहिलो तर करवत्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग बाहेरच्या बाकावर तू आणि मी, मध्ये तुझी पिशवी, अडीच तास. बोलता येत नाही म्हणून लिहितोय, आपल्या दोघांना तेवढंच येतं.

तू साहेबाला सांगितलंस की पश्चिमेला कोणी नाही. पण ते वाक्य तुझं नव्हतंच. मी टेबलापाशी बसून, चहा पीत, शब्द तोलून, तुला पकडायला रचलेलं होतं ते. माझ्या खोट्याला तुझी सही लागली, एवढंच. तुझ्यावर मला राग आहे, तो जाणार नाही बहुतेक, म्हातारा झालोय, राग मावळायला आता वेळ लागतो. पण तो पाय तुझ्या एकटीच्या खात्यावर टाकून मला झोप लागणार नाही.

काल बैठकीत हे सगळं उभं राहून सांगितलं. औषधवाला म्हणाला, "म्हणजे तुम्ही आमच्यावरही संशय घेतलात?" मी म्हटलं, तुझ्यावर तर चहामुळे सगळ्यांत जास्त. तो चिडला, मग हसला, मग परत चिडला. बाई इतकंच म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या घरी गेला होता का? जाईन म्हणाला होतात ना?" गेलो नव्हतो.

आता कामाचं. तू केसपेपरवर लिहिलंस म्हणून पोलिसांना वर जावं लागलं. हद्दीच्या दगडांच्या वर अकरा ताजे बुंधे मिळाले आणि एका बुंध्यापाशी रक्त. यावेळी चोरट्यांचं नाव घेता येणार नाही. आयुक्तांनी सुनावणीपर्यंत करवती बंद केल्या आहेत. सुनावणी २० तारखेला. कंपनीचा साहेब म्हणणार की माणसं वाट चुकून हद्दीच्या वर गेली, कचेरीला पत्ता नव्हता. पत्ता होता हे सांगू शकणारी तू एकटी आहेस. तुझ्या नोकरीवर येईल, आणि तू काय केलंस ते चार लोकांत बोलावं लागेल. मी तुझ्या शेजारी उभा राहून मी काय केलं ते बोलेन. तू आली नाहीस तर मी तुला दोष देणार नाही, पण ते रान जाईल आणि त्यापाठोपाठ पाणी जाईल.

करवत्या तिथं का गेला होता, हे मला अजून कळलेलं नाही. तो मला सांगणार नाही. तुला सांगेल का, विचार.

दादा

१३ मार्च

पाणीवाल्या,

लिहिणारी तुझी बहीण, सांगणारा मी. मधूनमधून ती नाक ओढते, त्यामुळे अक्षर हललं तर तिला बोल.

मी तिथं का होतो ते ऐक. ३१ तारखेनंतर मलाही कळलं होतं की कुणीतरी बातमी फोडतंय. मी विचार केला. तारीख कोण ठरवतं? तू. जागा कोण ठरवतं? तू. बाटल्यांतला गाळ बघून कुठं तोड झाली ते सांगतो कोण? तूच, दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नाही. आणि डिसेंबरात तुला ढकललं, त्यानंतर तू त्या माणसांबद्दल तक्रारच दिली नाहीस. मला वाटलं, घाबरवलंय याला. हा त्यांना सामील झालाय.

म्हणून १२ तारखेला गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत होता. तुम्ही पूर्वेला, म्हणून मी पश्चिमेला गेलो, पण पोचेपर्यंत झाडं आडवी झाली होती. दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर माझ्या बुटांवर आलास, तेव्हा माझी खात्रीच पटली. म्हटलं, वा, चोराच्या उलट्या बोंबा! मी गप्प बसलो ते दुखावलो म्हणून नाही. तू पुरता उघडा पडेपर्यंत बोलायचं नाही, असं ठरवलं होतं म्हणून.

मग रोज पश्चिमेला जायला लागलो. एकटाच. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर तुलाच सांगावं लागलं असतं.

२ तारखेला ते आले. सहा जण. जुन्या रानात झाड पाडताना चारी दिशांना हाक मारायची रीत आहे, "झाड येतंय" म्हणून, आणि हाकेला उत्तर येतंय का ते ऐकायचं. वीस वर्षांत मी ती कधी चुकवली नाही. या लोकांनी हाक मारली नाही. मारायची कशाला, कचेरीनं सांगितलं होतं इकडं कोणी नाही. मी ओरडलो. पण करवत चालू असली की कुणाचं ओरडणं ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे, मीही कितीतरी वर्षं ऐकलं नाही. झाड उताराला कोसळलं आणि त्याचा एक फाळका, ओंडक्याएवढा तुकडा, उडून माझ्यावर आला. पाडणारा पोरगेलाच होता. माझ्यापाशी येऊन लहान मुलासारखा रडत बसला. त्याला सुनावणीत ओढायचं नाही, हे सांगून ठेवतो. ओढायचं ते साहेबाला.

तू माझ्यावर संशय घेतलास, मी तुझ्यावर घेतला. तू बोललास तरी. मी तेही केलं नाही. दोघांपैकी एकानं दुसऱ्याच्या दारात जाऊन चार शिव्या घातल्या असत्या तर तिथंच मिटलं असतं. चाळीस वर्षांत आपण शिव्या कमी घातल्या का एकमेकांना? नेमकं यावेळीच सभ्य झालो.

त्या दिवशी तू दारात आलास आणि मी तोंड फिरवलं, ते रागानं नाही. तुझ्याकडे बघायची लाज वाटली.

आता २० तारखेचं. पहिल्यांदा तू उभा राहायचं आणि म्हणायचं की माझ्या मित्राला मी कुत्रा म्हणालो, तो नव्हता. मग मी म्हणेन की मीही याला तेच समजत होतो. मग तुझी बहीण. ती येणार आहे, मी तिला विचारलं नाही, तिनंच सांगितलं. तिनं रजेचा अर्ज टाकलाय, कारण म्हणून "साक्ष" असं लिहून. मुख्य डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं म्हणे.

आयुक्तांच्या कचेरीत कळवून ठेव की मी जिना चढून, चालत येईन. खुर्ची-बिर्ची नको.

करवत्या

दादा, वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. "चालत येईन" लिहिताना माझा हात थांबला. ते म्हणाले, लिही.

परवा त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मी आत होते. पाणीवाल्याला हे आत्ताच कळवायचं नाही, सुनावणीत तो नुसता रडत बसेल, असं त्यांनी मला बजावलंय. पण तुमच्या भल्यासाठी म्हणून तुमच्यापासून लपवणं, हे मी एकदा करून बघितलंय.

पाकीट बंद करण्याआधी ह्या ओळी मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.

— चिमणी